सेन्सर गप्प झाला तर? बॅटरीवर चालणाऱ्या वायरलेस नेटवर्कला 'डिनायल ऑफ सर्व्हिस' हल्ल्यापासून कसं वाचवतात?

साल २०००. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात मरूची शायर नावाचा समुद्राकाठचा भाग होता. तिथल्या सांडपाण्याच्या यंत्रणेत अचानक विचित्र गोष्टी घडायला लागल्या. पंप हवे तेव्हा चालेनात. बिघाड झाल्यावर कंट्रोल रूममध्ये वाजायला हवा तो अलार्म वाजेना. मधूनच पंपिंग स्टेशनशी असलेला संपर्क तुटायचा.

यंत्रणा नवी कोरी होती. त्यामुळे बसवतानाच काहीतरी चुकलं असावं, असं आधी सगळ्यांना वाटलं. तपासणी झाली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकून झालं, तरी त्रास थांबेना. मग एका इंजिनिअरने यंत्रणेतला प्रत्येक रेडिओ मेसेज तपासायला सुरुवात केली. तेव्हा कळलं की हा बिघाड नव्हताच. कुणीतरी बाहेरून मुद्दाम खोटे मेसेज पाठवत होतं.

एप्रिल महिन्यात पोलिसांनी एका माणसाला पकडलं. त्याच्या गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ सेट सापडला. ही यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत तो आधी कामाला होता आणि नंतर स्थानिक प्रशासनाने त्याला नोकरी नाकारली होती. त्याने किमान ४६ वेळा हा प्रकार केल्याचं तपासात पुढे आलं. तोपर्यंत सुमारे ८ लाख लिटर घाण पाणी बागा, ओढे आणि एका हॉटेलच्या आवारात पोहोचलं होतं. २००१ मध्ये त्याला २ वर्षांची शिक्षा झाली.

सायबर सुरक्षेच्या अभ्यासक्रमांत हे प्रकरण आजही शिकवलं जातं. यात कुणाचा पासवर्ड चोरीला गेला नाही की कुणाच्या खात्यातून पैसे गेले नाहीत. यंत्रणेला जे सांगायचं होतं, ते तिला सांगता आलं नाही, एवढंच घडलं. आणि तेवढंच पुरेसं ठरलं.

आज शेतात, धरणावर, कारखान्यात, पुलाखाली आणि डोंगरउतारावर छोटे वायरलेस सेन्सर बसवले जातात. त्यांना गप्प करणं तर आणखी सोपं आहे. ते कसं केलं जातं आणि त्यावर उपाय काय, हेच समजून घेऊया.

वायरलेस सेन्सर नेटवर्क म्हणजे नेमकं काय?

काडेपेटीएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या डब्यात एक छोटा प्रोसेसर, एक रेडिओ, एक-दोन सेन्सर आणि बॅटरी. या डब्याला 'नोड' म्हणतात. असे दहा-वीस ते शेकडो नोड एका भागात पसरवले जातात. प्रत्येक नोड तापमान, ओलावा, कंपन, पाण्याचा दाब असं काहीतरी मोजतो आणि ते शेजारच्या नोडला सांगतो. तो पुढच्याला सांगतो. असं करत माहिती 'गेटवे'पर्यंत येते आणि तिथून इंटरनेटवर जाते. गावात एखादा निरोप हातोहात पोहोचतो, तसंच हे.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याजवळच्या ग्रेट डक आयलंड या बेटावर समुद्री पक्ष्यांच्या बिळांत असे नोड ठेवून त्यांचा अभ्यास झाला होता. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी नाशिकच्या द्राक्षबागेत असं नेटवर्क लावून पाहिलं. केरळमध्ये मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने डोंगरउतारात सेन्सर पुरून दरड कोसळण्याची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभी केली. जमिनीच्या आत पाण्याचा दाब किती वाढलाय आणि उतार सरकतोय का, हे त्यातून कळतं.

माळीण, तळीये आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या महाराष्ट्राला अशा यंत्रणेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आणि अशी यंत्रणा नेमकी मुसळधार पावसाच्या रात्री गप्प झाली तर काय, हेही.

'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर सेवा मिळूच न देणं. एसटीच्या चौकशी खिडकीवर शंभर रिकामटेकडी माणसं रांग लावून उभी राहिली आणि उगाचच काहीबाही विचारत बसली, तर ज्याला खरंच गाडीची वेळ हवी आहे तो मागेच राहील. खिडकी उघडी आहे, आत माणूसही आहे, पण उपयोग शून्य.

वेबसाइटवर असे हल्ले नेहमीच होतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने ताब्यात घेतलेल्या कॅमेरा आणि राउटरच्या फौजेने 'डिन' या कंपनीवर हल्ला केला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेकांना उघडेनात. तिथे उपाय साधारण ठरलेला असतो. जास्त सर्व्हर लावा, जास्त बँडविड्थ घ्या, नको असलेला ट्रॅफिक गाळून टाका.

सेन्सर नेटवर्कमध्ये यातलं काहीच करता येत नाही. त्याचं कारण त्या छोट्या डब्यात आहे.

सेन्सर इतका दुबळा का असतो?

संशोधकांमध्ये गाजलेल्या 'मायका-२' या नोडचं उदाहरण घ्या. त्यात फक्त ४ किलोबाइट रॅम होती. व्हॉट्सॲपवरचा एक साधा फोटोही तिच्यात मावणार नाही. वीज कशावर? दोन पेन्सिल सेलवर. आजचे नोड याहून बरे आहेत, पण अडचण तीच आहे. स्वस्त हवं, लहान हवं आणि वर्षानुवर्षं सेल न बदलता चालायला हवं.

यात सगळ्यात जास्त वीज खातो तो रेडिओ. गंमत म्हणजे बोलताना जेवढी वीज जाते, साधारण तेवढीच नुसतं ऐकत बसण्यातही जाते. एक साधा हिशेब करून पाहू. समजा रेडिओ चालू असताना २० मिलिॲम्पिअर करंट लागतो आणि सेलची क्षमता २,५०० मिलिॲम्पिअर-तास आहे. रेडिओ सतत चालू ठेवला तर सेल १२५ तासांत, म्हणजे पाच दिवसांत संपतील. पण नोड ९९ टक्के वेळ झोपला आणि फक्त १ टक्का वेळ जागा राहिला, तर तेच सेल रेडिओच्या हिशेबाने जवळपास १७ महिने पुरतील.

म्हणजे सेन्सरचं आयुष्य त्याच्या झोपेवर अवलंबून आहे. हल्लेखोराला हे चांगलंच ठाऊक असतं.

हल्ले कसे होतात?

२००२ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अँथनी वूड आणि जॉन स्टँकोविक यांनी सेन्सर नेटवर्कवरच्या अशा हल्ल्यांची पद्धतशीर यादी केली. या विषयातला तो पाया मानला जातो. नेटवर्क तयार झाल्यावर सुरक्षेचं बघू, हे इथे चालणार नाही, डिझाइन करतानाच विचार हवा, हे त्यांचं मुख्य म्हणणं होतं. प्रमुख प्रकार असे:

जॅमिंग. शेजारी डीजे लागला की घरात बोललेलं ऐकू येत नाही. तसंच हल्लेखोर त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट करतो. काही जॅमर सतत ओरडतात, काही मधूनमधून. सगळ्यात चलाख जॅमर गप्प बसून ऐकतो आणि कुणी बोलायला लागलं की तेवढ्यापुरता आवाज करतो. त्याला पकडणं अवघड.

झोपमोड. नोडला सतत फालतू मेसेज पाठवून जागं ठेवायचं. केंब्रिजच्या फ्रँक स्टायानो आणि रॉस अँडरसन यांनी १९९९ मध्येच या हल्ल्याला 'झोप न देण्याचा छळ' असं नाव दिलं होतं. यात काही तुटत नाही, फुटत नाही. वर्षभर चालणारा सेल आठवड्यात संपतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, बॅटरी खराब निघाली.

खोटा शेजारी. नोड एकमेकांना 'हॅलो, मी इथे आहे' असं सांगून ओळख करून घेतात. हल्लेखोर लांबून, मोठ्या ताकदीच्या रेडिओवरून असंच 'हॅलो' सगळ्यांना पाठवतो. प्रत्येक नोडला वाटतं, हा तर जवळचाच. सगळे त्याच्याकडे निरोप पाठवायला लागतात. पण नोडचा आवाज तेवढ्या लांब पोहोचतच नाही, म्हणून निरोप हवेत विरून जातात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या ख्रिस कार्लोफ आणि डेव्हिड वॅग्नर यांनी २००३ मध्ये हा हल्ला सविस्तर मांडला.

निरोप गिळणारा नोड. हल्लेखोराने एखादा नोड ताब्यात घेतला, की तो 'माझ्याकडून जवळचा रस्ता आहे' असं सांगतो. मग आलेले सगळे किंवा निवडक निरोप पुढे पाठवतच नाही. याला 'ब्लॅक होल' म्हणतात. डोंगरात किंवा शेतात उघड्यावर पडलेला नोड उचलून नेणं कुणालाही जमू शकतं, हे इथे विसरून चालत नाही.

खोट्या निरोपांचा पूर. एका टोकाने बनावट माहिती सोडायची. ती पुढे पोहोचवता पोहोचवता वाटेतल्या सगळ्या नोडचे सेल संपतात. गेटवेच्या जवळच्या नोडना याचा जास्त फटका बसतो, कारण सगळ्यांचे निरोप त्यांच्याकडूनच जातात. ते संपले की मागचे धडधाकट नोडही निरुपयोगी.

मग बचाव कसा करतात?

एकच रामबाण उपाय नाही. प्रत्येक हल्ल्यावर वेगळा उतारा आहे आणि प्रत्येकाची किंमत बॅटरीतून मोजावी लागते.

पहिलं, ओळखपत्र तपासणं. प्रत्येक मेसेजला गुप्त किल्लीने तयार केलेला छोटा शिक्का जोडायचा. शिक्का जुळला नाही की मेसेज तिथेच टाकून द्यायचा, पुढे पाठवायचा नाही. खोट्या निरोपांचा पूर यामुळे पहिल्याच नोडवर अडतो. बर्कलीच्या संशोधकांनी २००४ मध्ये मांडलेल्या 'टायनीसेक' या पद्धतीत हा शिक्का फक्त ४ बाइटचा होता आणि विजेचा जादा खर्च १० टक्क्यांच्या आत राहिला. दुबळ्या नोडलाही सुरक्षा परवडते, हे त्यातून दिसलं. आजच्या बहुतेक सेन्सर रेडिओंमध्ये अशी सोय आधीपासून असते. प्रश्न एवढाच की ती चालू केली आहे का. आणि सगळ्या नोडना एकच किल्ली दिली असेल, तर एक डबा चोरीला गेला की सगळंच उघडं पडतं.

दुसरं, जुना मेसेज ओळखणं. खरा मेसेज रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवला तर त्याचा शिक्का खराच असतो. म्हणून प्रत्येक मेसेजला क्रमांक देतात. आधी येऊन गेलेला क्रमांक पुन्हा आला की तो बाद.

तिसरं, झोपेचं वेळापत्रक. कुठल्या नोडने कधी जागं व्हायचं हे आधी ठरलेलं असेल, तर मधल्या वेळेत कुणी कितीही दार ठोठावलं तरी तो ऐकत नाही. शिवाय ठरावीक वेळेत किती मेसेज स्वीकारायचे यावर मर्यादा घालतात. मर्यादा ओलांडली की नोड पुन्हा झोपतो. यात एखादा खरा मेसेज उशिरा पोहोचू शकतो, पण नोड जिवंत राहतो.

चौथं, फ्रिक्वेन्सी बदलत राहणं. एकाच चॅनेलवर बोललं तर जॅम करणं सोपं. म्हणून दोन्ही बाजूंना माहीत असलेल्या क्रमाने चॅनेल बदलत राहायचं. ही कल्पना जुनी आहे. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये टॉर्पेडोचं नियंत्रण सुरक्षित ठेवण्यासाठी अशाच पद्धतीचं पेटंट मिळालं होतं. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात सेन्सर रेडिओंना १६ चॅनेल मिळतात आणि २०१२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात वेळापत्रक आणि चॅनेल-बदल यांची सांगड घातलेली आहे. अर्थात, सगळे चॅनेल एकदम दाबून टाकणारा ताकदवान जॅमर आला तर हेही कमी पडतं.

पाचवं, दुहेरी ओळख. 'हॅलो' ऐकलं म्हणून लगेच शेजारी मानायचं नाही. आपण उत्तर द्यायचं आणि ते पोहोचल्याची पोच आली तरच विश्वास ठेवायचा. लांबून ओरडणारा खोटा शेजारी इथे बहुतेक वेळा पकडला जातो.

सहावं, एकाहून जास्त रस्ते. निरोप दोन वेगळ्या वाटांनी पाठवला तर एका वाटेवर ब्लॅक होल असला तरी दुसरीकडून तो पोहोचतो. वीज दुप्पट लागते. म्हणून रोजचं तापमान एका वाटेने आणि धोक्याची सूचना दोन-तीन वाटांनी, अशी विभागणी करतात.

पण हल्ला झालाय हे कळणार कसं?

हाच या विषयातला कळीचा प्रश्न आहे. सेन्सर गप्प झाला याची कारणं अनेक असू शकतात. सेल संपले, पाणी शिरलं, उंदराने वायर कुरतडली, फांदी पडली किंवा कुणीतरी जॅम करतंय. मरूची शायरमध्ये बिघाड आणि हल्ला यातला फरक ओळखण्यातच बराच काळ गेला होता.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर एक साधी युक्ती मांडली. मेसेज पोहोचत नाहीत आणि सिग्नलही कमजोर आहे, तर नोड बंद पडला असेल किंवा लांब गेला असेल. पण सिग्नल जोरदार आहे आणि तरीही मेसेज पोहोचत नाहीत, तर गडबड आहे. कुणीतरी गोंगाट करतंय. दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की खरं कारण कळायला मदत होते.

जॅमिंग लक्षात आल्यावर काय? वूड आणि स्टँकोविक यांनी सुचवलं की गोंगाटात सापडलेल्या नोडनी ओरडत राहून सेल संपवू नयेत. झोपावं, अधूनमधून उठून रस्ता मोकळा झालाय का ते पाहावं. गोंगाट थांबून थांबून होत असेल, तर मिळालेल्या फटीत पूर्ण ताकदीने 'आमच्यावर हल्ला होतोय' एवढंच बाहेर कळवावं. गोंगाटाच्या कडेला असलेल्या नोडनी तो भाग नकाशावर आखून घ्यावा आणि निरोप त्याला वळसा घालून न्यावेत.

पण सगळ्यात स्वस्त उपाय कुठल्याही चांगल्या यंत्रणेत असायलाच हवा. प्रत्येक नोडने ठरावीक वेळाने 'मी ठीक आहे' असं सांगायचं. ते आलं नाही, की तीच धोक्याची सूचना समजायची. अनेक यंत्रणा उलट चालतात. मेसेज आला तरच स्क्रीनवर लाल दिवा लागतो आणि मेसेज आलाच नाही तर हिरवा तसाच राहतो. हल्लेखोराला हेच हवं असतं.

याच्याच जोडीला आणखी दोन गोष्टी करतात. संपर्क तुटला तर मोजलेली माहिती नोडने स्वतःच्या मेमरीत साठवायची आणि नंतर पाठवायची. आणि जिथे जीव पणाला लागलेला असतो, तिथे जागेवरच निर्णय घ्यायचा. डोंगरातल्या सेन्सरने धोका ओळखला तर वस्तीतला भोंगा वाजवण्यासाठी शहरातल्या सर्व्हरच्या परवानगीची वाट पाहायला लागू नये.

भारतात कायदा काय सांगतो?

अनेक सेन्सर २.४ गिगाहर्ट्झ किंवा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालतात. इथे ठरावीक मर्यादेत रेडिओ वापरायला परवाना लागत नाही. म्हणूनच ते स्वस्त पडतं. पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्याचं वायफायही असू शकतं. त्यामुळे प्रत्येक गोंगाट हल्लाच असतो असं नाही.

जॅमर मात्र वेगळी गोष्ट आहे. सरकारने खास परवानगी दिल्याशिवाय सिग्नल जॅमर किंवा जीपीएस ब्लॉकर वापरणं बेकायदेशीर आहे, असं दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलं. त्यांची जाहिरात आणि ऑनलाइन विक्रीही चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये यंत्रणेत व्यत्यय आणणं आणि अधिकृत व्यक्तीला तिचा वापर करू न देणं, दोन्हींचा समावेश आहे. ते अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

यंत्रणा विकत घेताना काय विचाराल?

सोसायटीच्या टाकीवर सेन्सर बसवायचा असो, शेतात ठिबकसाठी असो किंवा ग्रामपंचायतीची पाणी योजना असो, विकणाऱ्याला हे पाच प्रश्न जरूर विचारा:

१. सेन्सरकडून मेसेज येणं थांबलं तर मला कळवलं जाईल का, आणि किती मिनिटांत?
२. मेसेजला एन्क्रिप्शन आणि शिक्का आहे का, आणि तो चालू करून देणार का?
३. सगळ्या सेन्सरची किल्ली एकच आहे की प्रत्येकाची वेगळी?
४. संपर्क तुटला तर पंप किंवा व्हॉल्व्ह कुठल्या स्थितीत राहील? हाताने चालवता येईल का?
५. काम सोडून गेलेल्या माणसाचे पासवर्ड आणि किल्ल्या कोण बदलणार?

पाचवा प्रश्न साधा वाटतो. पण मरूची शायरमधला माणूस कुणी परका हॅकर नव्हता. यंत्रणा आतून कशी चालते, हे त्याला पूर्ण माहीत होतं.

हल्ला शंभर टक्के रोखता येईल असं कुठलंही वायरलेस नेटवर्क नाही. हवा सगळ्यांची आहे, तिला कुलूप लावता येत नाही. पण हल्ला महाग करता येतो, त्याचा परिणाम एका कोपऱ्यापुरता ठेवता येतो आणि तो होतोय हे वेळेत ओळखता येतं. तेवढ्यासाठी सेन्सरचं गप्प बसणं 'सगळं ठीक आहे' असं न समजता तपासून पाहणारं कुणीतरी हवं.